टॉल, टॉलर, टॉलेस्ट : इंग्रजी विशेषणांच्या तीन पायऱ्या

इंग्रजी आपल्या मुलामुलींना जड जाते, ही तक्रार प्रत्येक वस्तीत ऐकू येते. महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. त्यापूर्वी ते पाचवीपासून सुरू होत असे. म्हणजे आज दहावीच्या परीक्षेला बसणारा विद्यार्थी दहा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. तरीसुद्धा अर्ज लिहिताना, मुलाखतीत दोन वाक्ये बोलताना किंवा बँकेकडून आलेले पत्र वाचताना त्याचा धीर सुटतो. याचे कारण बुद्धी कमी पडते हे नव्हे. नियम पाठ केलेला असतो; परंतु तो नियम आपल्या भाषेच्या रीतीपासून नेमका कोठे वेगळा आहे, हे समजावून सांगणारे कोणी भेटलेले नसते. घरात इंग्रजी वाचणारी पहिलीच पिढी असेल तर हे सांगणार तरी कोण?

सदर लेखात आम्ही इंग्रजी व्याकरणाचा एकच लहानसा भाग घेतला आहे. तो म्हणजे विशेषणांच्या तीन डिग्री : पॉझिटिव्ह, कंपॅरेटिव्ह आणि सुपरलेटिव्ह. हा भाग निवडण्यास दोन कारणे आहेत. एक, 'डिग्री बदला' हा प्रश्न शालेय परीक्षांत आणि स्पर्धा परीक्षांत वर्षानुवर्षे विचारला जात आला आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. शिष्यवृत्तीचा नियम, नोकरीची जाहिरात, गाडीची हमी, कर्जाचा करार अशा कागदांवर पैसा आणि मुदत ठरविणारे शब्द बहुधा याच दोन डिग्रींचे असतात. ते चुकीचे वाचले तर गुण नव्हे, हक्काची रक्कम हातची जाते.

'तारतम्य' हा शब्द आपल्याच घरातला

विद्यार्थ्यांनी प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तीन डिग्री ही इंग्रजांनी आणलेली नवलाई नाही. 'त्याला तारतम्य नाही' असे आपण म्हणतो. हा 'तारतम्य' शब्द 'तर' आणि 'तम' या दोन प्रत्ययांपासून झाला आहे. लघु म्हणजे लहान, लघुतर म्हणजे त्याहून लहान, लघुतम म्हणजे सर्वांत लहान. म्हणून मराठी व्याकरणात कंपॅरेटिव्हला तरभाव आणि सुपरलेटिव्हला तमभाव म्हणता येते.

पाचवी-सहावीतला विद्यार्थी गणितात लसावि आणि मसावि काढतो. लघुतम साधारण विभाज्य आणि महत्तम साधारण विभाजक यांतील 'लघुतम' व 'महत्तम' ही दोन्ही सुपरलेटिव्ह डिग्रीचीच रूपे होत. इंग्रजीत लसाविला 'लीस्ट' किंवा 'लोएस्ट' आणि मसाविला 'हायेस्ट' किंवा 'ग्रेटेस्ट' असा शब्द लावतात, तो त्यामुळेच. म्हणजे मूल ज्या गोष्टीला इंग्रजीच्या तासाला घाबरते, तीच गोष्ट गणिताच्या तासाला रोज वापरते. 'उत्तर' आणि 'उत्तम' हे शब्दही 'उत्' ला तर व तम लागून झाले आहेत.

आपल्याकडे दुसराही एक प्रत्यय आहे, 'इष्ठ'. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ, पापिष्ठ हे सर्व शब्द मूळचे तमभावाचे. पाली भाषेतही हेच आढळते : जेट्ठ, कनिट्ठ, सेट्ठ, पापिट्ठ. पालीत 'तर' व 'तम' ही चालतात. पापतर, पापतम अशी रूपे तेथे होतात. ज्यांच्या कानावर पाली पडलेली आहे त्यांना हा 'इट्ठ' ओळखीचा वाटेल. आता इंग्रजीचा 'एस्ट' ऐका. संस्कृतचा 'इष्ठ', पालीचा 'इट्ठ' आणि इंग्रजीचा 'एस्ट' हे एकाच जुन्या प्रत्ययाचे वंशज आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. स्वादिष्ट आमटी म्हणताना आपण जो शब्द वापरतो, तो मूळचा 'स्वादिष्ठ', म्हणजे सर्वांत गोड. इंग्रजीतील 'स्वीटेस्ट' हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडले होते. त्याच कुळात इंग्रजीही बसते, हे पुढील अभ्यासाने सिद्ध झाले. फारसीही त्याच कुळातली. 'बदतर' हा शब्द आपण फारसीतून घेतला आहे आणि त्यातला 'तर' आपल्या 'तर'चा नातेवाईक आहे.

इतके सांगण्याचा हेतू हा की, विद्यार्थ्याने इंग्रजीकडे परक्याच्या वाड्याकडे पाहावे तसे पाहू नये. त्या घरात आपल्या ओळखीची माणसे आहेत.

मराठी तुलना कशी करते?

जुने प्रत्यय शब्दांत शिल्लक राहिले, परंतु आजची मराठी तुलना करताना ते वापरीत नाही. 'गोदावरी लांब आहे', 'कृष्णेपेक्षा गोदावरी लांब आहे', 'महाराष्ट्रातून वाहणाऱ्या नद्यांत गोदावरी सर्वांत लांब आहे' ही तीन वाक्ये पाहा. तिन्हींत 'लांब' हा शब्द जसाच्या तसा राहिला. तुलनेचे सगळे काम 'पेक्षा' आणि 'सर्वांत' यांनी केले. 'तिच्याहून तो थोर' यात 'हून' ने तेच काम केले.

इंग्रजीत याच्या उलट आहे. तेथे 'दॅन' हा शब्द लागतोच, पण तेवढ्यावर भागत नाही. खुद्द विशेषणालाही आपले रूप बदलावे लागते. 'लाँग'चे 'लाँगर' होते, मग 'दॅन' येतो. आपले मूल मराठीत विचार करते, 'पेक्षा'साठी 'दॅन' लिहिते आणि विशेषण तसेच ठेवते : 'गोदावरी इज लाँग दॅन कृष्णा'. ही चूक अडाणीपणाची नाही, ती मराठीच्या सवयीची आहे. एकदा हे कळले की सुधारणा सोपी होते. दॅन लिहिले की मागे वळून विशेषणाकडे पाहावे. त्याच्या शेवटी 'अर' आहे का, किंवा त्याच्या आधी 'मोअर' अगर 'लेस' आहे का, हे तपासावे.

दुसरा फरक क्रमाचा. मराठीत ज्याच्याशी तुलना करायची ते आधी आले तरी चालते : 'कृष्णेपेक्षा गोदावरी लांब'. इंग्रजीत जिच्याविषयी बोलायचे ती गोदावरी आधी आणि माप म्हणून घेतलेली कृष्णा 'दॅन'नंतर. ज्या शब्दाला मराठीत 'पेक्षा' चिकटलेले असते, तोच शब्द इंग्रजीत 'दॅन'च्या पुढे ठेवावा. हा एकच नियम पाळला तर वाक्य उलटे होत नाही. गोदावरी १४६५ किलोमीटर आणि कृष्णा सुमारे १४०० किलोमीटर लांब आहे. वाक्य उलटे झाले तर व्याकरणाबरोबर भूगोलही चुकतो.

रूपे कशी तयार होतात?

(१) एका उच्चाराचे लहान विशेषण असेल तर 'अर' आणि 'एस्ट' लावावे. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. चीप, चीपर, चीपेस्ट. ओल्ड, ओल्डर, ओल्डेस्ट.

(२) स्पेलिंगच्या शेवटी ई असेल तर दुसरा ई घालू नये. लार्ज, लार्जर, लार्जेस्ट. वाइज, वायझर, वायझेस्ट.

(३) बिग, हॉट, थिन, फॅट यांसारख्या शब्दांत शेवटी एकच व्यंजन आणि त्याच्या आधी एकच स्वर असतो. तेथे शेवटचे अक्षर दुप्पट होते. बिगर लिहिताना जी दोन वेळा, हॉटर लिहिताना टी दोन वेळा. चीप या शब्दात मात्र दोन स्वर एकत्र आहेत, म्हणून तेथे पी एकच राहतो.

(४) शेवटी वाय आणि त्याच्या आधी व्यंजन असेल तर वाय जाऊन आय येतो. हॅपी, हॅपियर, हॅपिएस्ट. इझी, इझियर, इझिएस्ट. हेवी, हेवियर, हेविएस्ट.

(५) लांबलचक विशेषणांना शेपूट लावीत नाहीत. त्यांच्या आधी 'मोअर' आणि 'मोस्ट' ठेवतात. ब्यूटिफुल, मोअर ब्यूटिफुल, मोस्ट ब्यूटिफुल. इंटेलिजंट, डिफिकल्ट, इम्पॉर्टंट, एक्स्पेन्सिव्ह हे सारे याच रांगेतले. दोन उच्चारांचे काही शब्द दोन्ही रीतींनी चालतात. 'क्लेव्हरर' आणि 'मोअर क्लेव्हर' अशी दोन्ही रूपे आढळतात. शंका आली तर शब्दकोश उघडावा.

(६) काही शब्द कोणताच नियम पाळीत नाहीत, पण तेच सर्वाधिक वापरले जातात. गुड, बेटर, बेस्ट. बॅड, वर्स, वर्स्ट. लिटल, लेस, लीस्ट. मच किंवा मेनी, मोअर, मोस्ट. फार, फार्दर, फार्देस्ट. ही पाच ओळींची यादी पाढ्यासारखी पाठ करण्यावाचून इलाज नाही.

'कमी' दाखविण्याची रीतही ठेवावी. 'लेस डिफिकल्ट' म्हणजे कमी कठीण, 'लीस्ट डिफिकल्ट' म्हणजे सर्वांत कमी कठीण. येथे विशेषणाचे रूप बदलत नाही.

'अर' दिसला की प्रत्येक वेळी ती तुलनाच असते असेही नाही. टीचर, ड्रायव्हर, फार्मर हे काम करणाऱ्या माणसाचे शब्द आहेत. अर्थ पाहिल्याशिवाय केवळ शेपटावरून ओळख पटवू नये.

नेहमी होणाऱ्या चुका आणि त्यांचे मूळ

*'मोअर बेटर' आणि 'मोस्ट बेस्ट'.* एकाच विशेषणाला दोनदा तुलना लावलेली येथे दिसते. याचेही मूळ मराठीत आहे. श्रेष्ठ म्हणजेच सर्वांत चांगला. तरी आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो. वरिष्ठ हा शब्द मूळचा तमभावाचा. तरी आपण 'सर्वांत वरिष्ठ अधिकारी' म्हणतो. मराठीत या शब्दांतला तमभाव झिजून गेला आहे, म्हणून हे बरोबरच आहे. इंग्रजीत 'बेस्ट'मधला तमभाव अजून जिवंत आहे, म्हणून त्याला पुन्हा 'मोस्ट' लावता येत नाही. गंमत अशी की, शेक्सपिअरच्या काळी इंग्रजांनाही अशी दुहेरी रूपे चालत होती. 'ज्युलियस सीझर' नाटकात अँटनीच्या प्रसिद्ध भाषणात एक दुहेरी सुपरलेटिव्ह आहे. पुढे अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी ती चुकीची ठरविली. आज लेखी परीक्षेत आणि मुलाखतीत ती चूकच धरली जाते.

*'व्हेरी बेटर'.* 'पुष्कळच बरा' असे म्हणायचे असते आणि 'पुष्कळ'साठी 'व्हेरी' आठवतो. 'व्हेरी' फक्त पहिल्या पायरीवर चालतो : 'व्हेरी गुड'. दुसऱ्या पायरीवर 'मच' किंवा 'फार' घ्यावा : 'मच बेटर', 'फार बेटर'. थोडासाच फरक असेल तर 'अ लिटल बेटर'.

*'द' विसरणे.* मराठीत आर्टिकल नाही, म्हणून ते आपल्या ध्यानात राहत नाही. सुपरलेटिव्हच्या आधी सर्वसाधारणपणे 'द' येतो : 'द टॉलेस्ट', 'द मोस्ट डिफिकल्ट'. माझा, तुझा असा शब्द आधी आला तर मात्र 'द' नको : 'माय बेस्ट फ्रेंड'. स्थळ सांगताना बहुधा 'इन' येतो आणि गट सांगताना 'ऑफ' : 'द टॉलेस्ट इन द क्लास', 'द टॉलेस्ट ऑफ द थ्री सिस्टर्स'.

*'माय हँडरायटिंग इज बेटर दॅन यू'.* ही चूक चांगल्या विद्यार्थ्यांकडूनही होते. 'माझे अक्षर तुझ्यापेक्षा चांगले आहे' हे मराठीत बिनचूक आहे. 'तुझ्यापेक्षा' म्हणजे 'तुझ्या अक्षरापेक्षा' हे ऐकणाऱ्याला कळते. इंग्रजी वाक्यात मात्र अक्षराची तुलना माणसाशी होऊन बसते. तेथे 'दॅन युवर्स' पाहिजे. त्याच रीतीने 'पुण्याची हवा मुंबईपेक्षा थंड आहे' हे इंग्रजीत करताना हवेची तुलना हवेशीच करावी लागते : 'द क्लायमेट ऑफ पुणे इज कूलर दॅन दॅट ऑफ मुंबई'. हवेशी हवा, अक्षराशी अक्षर, माणसाशी माणूस, हे सूत्र लक्षात ठेवावे.

*'दॅन आय' की 'दॅन मी'?* बोलण्यात 'शी इज टॉलर दॅन मी' सर्रास चालते. जुनी व्याकरणे 'दॅन आय' मागतात. दोन्हींचा तंटा नको असेल तर 'शी इज टॉलर दॅन आय ॲम' असे पूर्ण वाक्य लिहावे. त्याला कोणताही परीक्षक हरकत घेणार नाही.

*'एल्डर दॅन'.* घरातील नाते सांगताना 'माय एल्डर ब्रदर' म्हणावे, पण 'एल्डर'नंतर 'दॅन' घेऊ नये. 'माझ्यापेक्षा मोठा' म्हणायचे असेल तर 'ओल्डर दॅन मी'.

दोन मराठी वळणे मात्र इंग्रजीत जवळजवळ तशीच सापडतात. 'जितके... तितके' साठी 'द मोअर... द मोअर' अशी जोडी आहे : 'द मोअर यू रीड, द मोअर यू लर्न', म्हणजे जितके वाचाल तितके शिकाल. 'अधिकाधिक' साठी 'मोअर अँड मोअर' आहे. ही वाक्ये मुलांना लवकर येतात, कारण त्यांचे वळण आपल्या बोलण्यासारखे आहे. शिकविणाऱ्यांनी ती आधी घ्यावीत.

डिग्री बदलणे : तीन साचे

परीक्षेत जे वाक्य येते ते बहुधा पुढील तीनपैकी एका साच्यात बसते. कोणताही साचा वापरताना शब्द बदलावेत, अर्थ बदलू नये.

पहिला साचा, एकच सर्वांत पुढे. कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे. सुपरलेटिव्हमध्ये : 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र'. कंपॅरेटिव्हमध्ये : 'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र'. पॉझिटिव्हमध्ये : 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई'. यात 'अदर' का लागतो? कळसूबाई स्वतःही महाराष्ट्रातलीच आहे आणि ती स्वतःपेक्षा उंच असू शकत नाही. 'अदर' घालून आपण तिला बाजूला काढतो. गट निराळा असेल तर 'अदर' नको : 'एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी पीक इन युरोप'. एव्हरेस्ट युरोपात नाही, म्हणून तेथे बाजूला काढण्याजोगे काही उरत नाही.

दुसरा साचा, पुढच्यांपैकी एक. 'मुंबई इज वन ऑफ द बिगेस्ट सिटीज इन द वर्ल्ड'. कंपॅरेटिव्ह : 'मुंबई इज बिगर दॅन मोस्ट अदर सिटीज इन द वर्ल्ड'. पॉझिटिव्ह : 'व्हेरी फ्यू सिटीज इन द वर्ल्ड आर ॲज बिग ॲज मुंबई'. 'वन ऑफ' नंतर अनेकवचन येते, हे विसरू नये. 'वन ऑफ द बिगेस्ट सिटी' ही चूक छापील फलकांवरही दिसते.

तिसरा साचा, दोघांचीच तुलना. साल्हेर १५६७ मीटर उंच आहे. 'कळसूबाई इज हायर दॅन साल्हेर'. पॉझिटिव्ह करताना बाजू बदलतात : 'साल्हेर इज नॉट ॲज हाय ॲज कळसूबाई'. येथे नावे जागच्या जागी ठेवून नुसता 'नॉट' घातला तर अर्थ नेमका उलटा होतो. दोघांतच तुलना असल्यामुळे या साच्याला सुपरलेटिव्ह नाही.

कागदावरची तुलना

आता ज्या भागासाठी हा लेख आम्ही मुख्यतः लिहिला, त्याकडे वळू. पालकांनी आणि नोकरी शोधणाऱ्या तरुणांनी हा भाग सावकाश वाचावा.

'व्हिचेव्हर इज लेस' हे तीन शब्द अनेक योजनांच्या पत्रकांत असतात. समजा, एखाद्या योजनेत 'प्रत्यक्ष फी किंवा २०,००० रुपये, व्हिचेव्हर इज लेस' असे लिहिले आहे. फी १२,००० असेल तर १२,००० मिळतील. फी ३५,००० असेल तर २०,००० च मिळतील आणि उरलेले १५,००० पालकांना उभे करावे लागतील. दोन्ही रकमांपैकी लहान असेल ती, असा त्याचा अर्थ. 'व्हिचेव्हर इज हायर' असेल तर हिशेब उलटा. हा एक शब्द न कळल्यामुळे २०,००० सर्वांनाच मिळणार असे गृहीत धरून प्रवेश घेतला, तर वर्षाच्या मध्यावर उसनवारी करण्याची पाळी येते.

'व्हिचेव्हर इज अर्लियर' हा त्याचाच भाऊ. गाडीची हमी '२ वर्षे किंवा २४,००० किलोमीटर, व्हिचेव्हर इज अर्लियर' अशी असेल, तर रिक्षा चालविणाऱ्याची हमी वर्षाच्या आतच संपू शकते, कारण किलोमीटर आधी भरतात. दोन वर्षांच्या भरवशावर त्याने राहू नये. 'व्हिचेव्हर इज लेटर' असेल तर जी मर्यादा नंतर येईल ती धरावी.

नोकरीच्या जाहिरातीत 'नॉट लेस दॅन ३ इयर्स' असे असेल, तर बरोबर तीन वर्षे अनुभव असलेला उमेदवार पात्र आहे. 'मोअर दॅन ३ इयर्स' असेल तर बरोबर तीन वर्षे पुरत नाहीत. 'ॲट लीस्ट' म्हणजे किमान, 'ॲट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त. 'नॉट लेटर दॅन ३० जून' म्हणजे ३० जूनचा दिवस धरून तोपर्यंत. 'नॉट लेस दॅन' वाचून स्वतःला अपात्र समजणारी आणि अर्जच न करणारी मुले आमच्या अभ्यासवर्गात आली आहेत. 'नॉट' आणि 'लेस' हे दोन नकार एकत्र आले की गोंधळ होतो. अशा वेळी वाक्य मराठीत मोठ्याने म्हणावे : 'तीनपेक्षा कमी नसावा'. लगेच उलगडा होतो.

जाहिरातींतील तुलना निराळ्या जातीची. 'व्हाइटर', 'स्ट्राँगर', 'चीपर', 'लेस फॅट' असे शब्द मोठ्या अक्षरांत असतात, पण पुढे 'दॅन' नसतो. कशापेक्षा पांढरे? कोणापेक्षा स्वस्त? 'दॅन' शिवायचा कंपॅरेटिव्ह म्हणजे दुसरे पारडे नसलेला तराजू. 'लोअर इंटरेस्ट' असे वाचले की कोणत्या व्याजापेक्षा कमी, हे विचारल्याशिवाय सही करू नये. व्याकरणाचा हा उपयोग पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, पण संसारात पदोपदी पडतो.

सीनियर-ज्युनियर, श्रेष्ठ-कनिष्ठ

इंग्रजीत काही शब्द लॅटिनमधून तयार रूपातच आले. सीनियर, ज्युनियर, सुपीरिअर, इन्फिरिअर हे लॅटिनचे कंपॅरेटिव्ह आहेत. त्यांच्यापुढे 'दॅन' नव्हे तर 'टू' येतो : 'ही इज सीनियर टू मी'. त्यांना 'मोअर'ही लावीत नाहीत. हा प्रश्न स्पर्धा परीक्षांत हमखास येतो. गणितातील 'प्लस' आणि 'मायनस' हेही लॅटिनमध्ये 'अधिक' आणि 'कमी' या अर्थाचे कंपॅरेटिव्ह होते. 'मॅक्झिमम' आणि 'मिनिमम' हे सुपरलेटिव्ह. 'हायकोर्ट'मधला हाय पहिल्या पायरीचा, तर 'सुप्रीम कोर्ट'मधला सुप्रीम तिसऱ्या पायरीचा.

येथे शब्दांच्या मूळ अर्थाकडे लक्ष वेधणे आम्हाला आवश्यक वाटते. 'सीनियर' याचा मूळ अर्थ वयाने मोठा आणि 'ज्युनियर' याचा वयाने लहान, एवढाच. आपला 'कनिष्ठ' हा शब्दही मूळचा 'सर्वांत लहान', 'धाकटा' अशा अर्थाचा. कनिष्ठ भाऊ म्हणजे धाकटा भाऊ. तो कमी दर्जाचा नव्हे. काळाच्या ओघात या शब्दांना दर्जाची पुटे चढली आणि वयाने किंवा क्रमाने लहान असणे म्हणजे मोलाने कमी असणे, असा समज त्यांत शिरला. व्याकरणाची तुलना नेहमी एका मापाने होते : उंची, वजन, किंमत, वय. कशात मोठा, कशात लहान, हे सांगता आले पाहिजे. माप न सांगता एक माणूस दुसऱ्याहून श्रेष्ठ म्हणणे हे भाषेच्या हिशेबानेही अपुरे वाक्य आहे.

शिकवावे कसे?

अभ्यासवर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आणि घरी मुलांना बसवणाऱ्या पालकांसाठी काही सूचना :

(१) आधी वस्तू, मग शब्द. खडूचे तीन तुकडे, तीन काड्या, तीन भांडी समोर ठेवावीत. मुलाने हात लावून 'लाँग, लाँगर, लाँगेस्ट' म्हणावे. मग वही उघडावी.

(२) दोन वस्तू असतील तर 'अर', तीन किंवा अधिक असतील तर 'एस्ट', हे वस्तू मोजून दाखवावे. दोन खडूंमध्ये 'लाँगेस्ट' असे लेखी परीक्षेत लिहू नये.

(३) बाजारातील भाव, एस.टी.च्या सुटण्याच्या वेळा, गावांची अंतरे यांवर वाक्ये करून घ्यावीत. 'अनियन्स आर चीपर दॅन टोमॅटोज टुडे' हे वाक्य आईसुद्धा तपासू शकते, कारण भाव तिला ठाऊक असतो. ज्या वाक्यातला खरेखोटेपणा घरात तपासता येतो ते वाक्य पक्के बसते.

(४) मुलांना एकमेकांशेजारी उभे करून तुलना शिकवू नये. उंचीवरून हसे होते, रंगावरून त्याहून वाईट होते. इंग्रजीतील 'फेअर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, गोरा आणि न्याय्य. 'फेअरर' चे उदाहरण द्यायचेच असेल तर 'अ फेअरर रूल', अधिक न्याय्य नियम, असे द्यावे.

(५) रोज पाचच वाक्ये लिहावीत, पण ती स्वतःची असावीत. दोन कंपॅरेटिव्ह, दोन सुपरलेटिव्ह आणि एक 'ॲज... ॲज'. महिन्याला दीडशे वाक्ये होतात. मार्गदर्शिकेतली तयार उत्तरे पाठ करून हा पल्ला गाठता येत नाही.

(६) घरात आलेले कोणतेही इंग्रजी पत्र, औषधाची चिठ्ठी, विजेचे बिल, बँकेचा कागद घेऊन त्यात 'लेस', 'मोअर', 'लेटर', 'अर्लियर', 'हायेस्ट', 'लीस्ट' या शब्दांखाली रेघ मारण्यास मुलांना सांगावे. प्रत्येक रेघेपाशी 'कशापेक्षा?' हा प्रश्न विचारावा. उत्तर कागदात असेल तर मुलाला समजले. नसेल तर तो कागद देणाऱ्यालाच विचारण्याजोगा प्रश्न सापडला.

शेवटी

ऑलिंपिक चळवळीचे ब्रीद लॅटिन भाषेत आहे. पिअर द कुबर्तीन यांनी १८९४ साली ते सुचविले. 'फास्टर, हायर, स्ट्राँगर' असे त्याचे इंग्रजी रूप आहे आणि २०२१ साली त्यात 'टुगेदर' या शब्दाची भर घालण्यात आली. जगातील सर्वांत वेगवान, सर्वांत बलवान खेळाडू जेथे जमतात, तेथे ब्रीदात तिसरी पायरी नाही, दुसरी आहे. तिसऱ्या पायरीवर एका वेळी एकच जण उभा राहू शकतो. दुसरी पायरी सर्वांना मोकळी आहे.

वर्गात 'बेस्ट' एकच विद्यार्थी येईल. 'बेटर' मात्र प्रत्येकाला होता येते. त्यासाठी 'दॅन'च्या पुढे शेजाऱ्याच्या मुलाचे नाव न लिहिता 'यस्टर्डे' हा शब्द लिहावा. आई-वडिलांनी गुणपत्रिका पाहताना एवढे केले, तरी मुलाच्या मनातली इंग्रजीची भीती कमी होण्यास मदत होईल. उद्यापासून वहीच्या पहिल्या पानावर तीन उभे रकाने आखावेत, त्यांना तीन डिग्रींची नावे द्यावीत आणि रोज भेटणारे एक नवे विशेषण त्यात भरावे. वर्षाअखेरीस तीनशे पासष्ट विशेषणांच्या तिन्ही पायऱ्या त्या वहीत जमा होतील आणि पुढच्या वेळी 'व्हिचेव्हर इज लेस' वाचून दाखविण्यासाठी घरातील कोणाला शेजारी जावे लागणार नाही.